टायसन नेमका कधी हरला?

माइक टायसन नेमका कधी हरला? प्रश्न साधा आहे, पण उत्तर देणाऱ्याचं वय काय, यावर ते बदलतं. ज्यांनी १९९० साली वर्तमानपत्राच्या खेळाच्या पानावर बातमी वाचली, ते ‘टोकियो’ म्हणतात. माझ्यासारख्या केबल टीव्हीबरोबर वाढलेल्यांना १९९७ साली चावलेला इव्हँडर होलीफिल्डचा कान आठवतो. आणि आत्ता अकरावी-बारावीत असलेल्या मुलांनी त्याला हरताना पाहिलं ते १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री, अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये. आपल्याकडे तेव्हा शनिवारची सकाळ होती आणि पुष्कळ घरांत पोहे खाता खाता नेटफ्लिक्स लावलेलं होतं.

आमच्या घरात ही तिन्ही उत्तरं एकाच वेळी हजर असतात. काका टोकियोवाले. बहिणीचा सोळा वर्षांचा मुलगा मोबाइलवर नॉकआउटच्या क्लिपा बघणारा. लग्नकार्यात, दिवाळीत दोघं समोरासमोर आले की अर्ध्या तासात विषय टायसनवर येतोच.

काकांचं म्हणणं ठरलेलं : “अरे, तो गल्लीतला दादा होता. समोरचा घाबरला की हा जिंकायचा. जो घाबरला नाही, त्यानं याला आडवा केला.”

भाचा म्हणतो : “आजोबा, तुम्ही स्पिंक्सची फाइट बघितलीय का? एक्क्याण्णव सेकंद! त्या दिवशीच्या टायसनला अख्ख्या इतिहासात कोणी हरवू शकत नाही.”

माझं मत या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि आज ते जरा सविस्तर मांडतो. टायसन टोकियोत पडला हे खरं. पण त्याची घसरण त्याआधीच सुरू झाली होती, आणि तीही तो जिंकत असताना. निकालाच्या रकान्यात विजयच विजय असल्यामुळे ती कोणाला दिसली नाही.

तो लढायचा कसा

हेवीवेट हा मुष्टियुद्धातला सगळ्यात जड वजनगट. तिथे उंच आणि लांब हातांचा माणूस फायद्यात असतो. तो लांबूनच जॅब मारतो, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटक्याचा ठोसा, आणि समोरच्याला जवळ येऊच देत नाही. टायसनची उंची नोंदींमध्ये पाच फूट दहा इंच दिलेली असते. त्याच्यासमोर उभे राहणारे बरेच जण त्याच्यापेक्षा चार-पाच इंचांनी उंच असायचे. अशा माणसानं आत शिरायचं कसं?

याचं उत्तर त्याचे वस्ताद कस डॅमाटो यांच्याकडे होतं. दोन्ही मुठी गालांना चिकटवायच्या, हनुवटी खाली घ्यायची, गुडघे वाकवायचे आणि कमरेतून सतत डावी-उजवीकडे हलत पुढे सरकायचं. लहान बाळासमोर आपण हातांनी तोंड झाकून ‘बुवा... कुक्’ करतो ना, तसंच ते दिसतं, आणि अमेरिकेत या पद्धतीचं नावही त्याच खेळावरून पडलं : पीक-अ-बू. समोरचा ठोसा डोक्यावरून किंवा खांद्यावरून निघून जातो, त्याच क्षणी मारणाऱ्याची एक बाजू उघडी पडते, आणि तेवढ्यात टायसनचा हुक किंवा अपरकट तिथे पोचलेला असतो.

यासाठी सराव कंटाळवाणा होता. दोरीला टांगलेली छोटी पिशवी झुलवायची आणि ती डोक्याला लागू न देता चुकवत राहायचं. प्रत्येक ठोशाला एक आकडा दिलेला असायचा. कोच आकडे म्हणायचा आणि हात त्या क्रमानं चालायचे, आपण पाढे म्हणतो तसे, विचार न करता. पुढे लढतीतही त्याचा प्रशिक्षक केव्हिन रूनी रिंगच्या बाहेरून हेच आकडे ओरडायचा.

हे सगळं सांगायचं कारण असं, की काका आणि भाचा दोघंही टायसनचं मोजमाप ताकदीनं करतात. एकाला ती गुंडगिरी वाटते, दुसऱ्याला चमत्कार. क्लिपमध्ये शेवटचा ठोसा दिसतो. त्याआधी अर्धा सेकंद डोकं कुठून कुठे गेलं ते दिसत नाही. चांगल्या दिवसांतला टायसन आधी उत्तम बचाव करणारा होता, आणि बचाव ही रोज घासून लखलखीत ठेवायची गोष्ट आहे. ताकद एक वेळ झोपेतही अंगात राहते. चपळाई आणि सवय राहत नाही.

मागे उभी असलेली माणसं

टायसनचा जन्म ३० जून १९६६ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. ब्राउन्सव्हिल नावाच्या गरीब, गुन्हेगारीनं पोखरलेल्या वस्तीत तो वाढला. त्याला कबुतरांचा नाद होता. आपली पहिली मारामारी एका मोठ्या मुलानं कबुतराची मान पिरगळली म्हणून झाली, असं तो सांगतो. चोऱ्यामाऱ्या करून तो मुलांच्या सुधारगृहात गेला. तिथे बॉबी स्ट्युअर्ट या माजी मुष्टियोद्ध्यानं त्याला हाताशी धरलं आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी कॅट्सकिल या लहानशा गावी डॅमाटोंकडे नेलं.

डॅमाटो तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. त्यांनी घडवलेला फ्लॉइड पॅटरसन १९५६ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी हेवीवेट विजेता झाला होता, आणि तेव्हा तो या गटातला सगळ्यात तरुण विजेता होता. या मुलाला पाहिल्यावर तो विक्रम मोडेल असं म्हाताऱ्याच्या मनानं घेतलं. टायसनची आई तो सोळा वर्षांचा असताना गेली, तेव्हा डॅमाटो त्याचे कायदेशीर पालक झाले. आपल्याकडे जुन्या तालमींमध्ये पोरं वस्तादांच्या घरीच राहायची, जेवायची, बोलणी खायची, तसाच हा प्रकार.

त्यांच्याबरोबर जिम जेकब्स आणि बिल केटन हे दोन व्यवस्थापक होते. त्यांच्याकडे जुन्या लढतींच्या फिल्मचा प्रचंड संग्रह होता. टायसन त्या रात्र-रात्र बघायचा. म्हणजे वस्ताद, प्रशिक्षक, व्यवस्थापक, घर आणि ग्रंथालय अशी पूर्ण व्यवस्था त्या एका पोराभोवती उभी होती.

मार्च १९८५ मध्ये त्यानं व्यावसायिक कारकीर्द सुरू केली आणि त्या एका वर्षात पंधरा लढती जिंकल्या. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला डॅमाटो वारले. टायसन एकोणीस वर्षांचा होता. पुढच्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, लास व्हेगासमध्ये त्यानं ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्या राउंडमध्ये हरवलं आणि वीस वर्षं चार महिन्यांच्या वयात तो हेवीवेट विजेता झाला. हा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. १९८७ मध्ये उरलेले दोन मोठे पट्टेही त्यानं मिळवले आणि तिन्ही एकाच वेळी धारण करणारा पहिला हेवीवेट ठरला.

जिंकता जिंकता

आता १९८८ साल बघू या. जानेवारीत त्यानं लॅरी होम्सला चौथ्या राउंडमध्ये पाडलं. मार्चमध्ये जिम जेकब्स गेले. २७ जूनला अटलांटिक सिटीत मायकेल स्पिंक्स समोर होता. स्पिंक्स तोवर एकही लढत हरलेला नव्हता. एक्क्याण्णव सेकंदांत खेळ संपला. भाचा ज्या टायसनबद्दल बोलतो तो हा, बावीस वर्षांचा होण्याआधी तीन दिवसांचा.

आणि त्याच वर्षात बाकी सगळं सुटत गेलं. केटनशी वाद कोर्टात गेले. प्रवर्तक डॉन किंग जवळ आला. फेब्रुवारीत केलेलं लग्न वर्षभरात मोडलं. वर्ष संपता संपता टायसननं रूनीला काढून टाकलं. म्हणजे आकडे ओरडणारा, डॅमाटोंची पद्धत मुळापासून जाणणारा शेवटचा माणूस त्याच्या कॉर्नरमधून गेला.

पुढच्या दोन लढती तो जिंकलाच. फेब्रुवारी १९८९ मध्ये फ्रँक ब्रुनोला पाचव्या राउंडमध्ये, जुलैमध्ये कार्ल विल्यम्सला पहिल्याच राउंडमध्ये. पण ब्रुनोची लढत नीट पाहिली, तर पहिल्या राउंडमध्येच ब्रुनोच्या ठोशानं टायसन हललेला दिसतो. डोकं पूर्वीसारखं डावी-उजवीकडे जात नाही. जोडीनं, क्रमानं येणारे ठोसे कमी झालेत. एकच मोठा ठोसा मारून मोकळं व्हायचं, असा त्याचा बेत दिसतो. तो ठोसा इतका जबर होता की बेत जमून गेला.

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. ज्या सिस्टिमची देखभाल थांबली, ती दुसऱ्या दिवशी बंद पडत नाही. वर्ष, दोन वर्षं मस्त चालते. उलट देखभालीचा खर्च वाचल्यामुळे सगळे खूश असतात. मग एका दिवशी लोड येतो आणि एकदम सगळं कोसळतं. बाहेरच्यांना वाटतं, त्या दिवशी काहीतरी अघटित घडलं.

टोकियो

११ फेब्रुवारी १९९०. टोकियो डोममध्ये टायसनसमोर बस्टर डग्लस होता. टायसन ३७ लढती खेळून एकही हरलेला नव्हता, त्यांपैकी ३३ नॉकआउट. लास व्हेगासच्या ज्या एका कॅसिनोनं या लढतीवर पैजा घेतल्या, तिथे डग्लसचा भाव बेचाळीसला एक होता. निकाल ठरलेलाच आहे असं मानून बहुतेकांनी पैजाच लावल्या नाहीत.

डग्लसच्या आईला जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. दुःखात असलेला हा माणूस त्या रात्री आयुष्यातली सगळ्यात चांगली लढत लढला. उंचीचा पुरेपूर वापर करून त्यानं जॅब चालू ठेवला, टायसन आत आला की एकदम तीन-चार ठोसे दिले आणि जवळ आला की मिठी मारून अडकवला. हेवीवेटच्या शाळेत उंच मुलाला शिकवतात तेच. टायसननं ते चुकवायला हवं होतं, आणि नेमकं तेच त्याला येईनासं झालं होतं.

लढतीआधीच्या सरावात ग्रेग पेजनं टायसनला खाली पाडलं होतं. म्हणजे इशारा मिळाला होता. आणि लढतीतलं एक दृश्य पुरावा म्हणून पुरेसं आहे. टायसनचा डोळा सुजत चालला, तेव्हा सूज दाबायला लागणारं थंड लोखंडी साधन त्याच्या कॉर्नरमध्ये नव्हतंच. माणसांनी रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरलं आणि ते डोळ्यावर धरलं. जगातल्या सगळ्यात महागड्या खेळाडूच्या कोपऱ्यात ही तयारी!

आठव्या राउंडच्या शेवटी टायसनच्या अपरकटनं डग्लस पडला. रेफरीची मोजणी वेळाधिकाऱ्यापेक्षा उशिरा सुरू झाली, म्हणून डग्लसला जास्त सेकंद मिळाले, असा गदारोळ किंगनं नंतर केला. पण नियमानं खेळाडूनं रेफरीची मोजणी बघायची असते, आणि डग्लस तिच्या नऊला उभा होता. दहाव्या राउंडमध्ये डग्लसच्या ठोशांनी टायसन प्रथमच जमिनीवर गेला. दातांवरचं संरक्षक रबर चाचपडत शोधून ते अर्धवट तोंडात धरून उठू पाहणारा टायसन, हे चित्र काकांच्या पिढीच्या डोक्यात कायमचं बसलं.

काका म्हणतात, डग्लस घाबरला नाही म्हणून जिंकला. ते खरं आहे, पण अपुरं आहे. ब्रुनोही घाबरला नव्हता. डग्लसकडे उंची, जॅब आणि त्या रात्रीपुरती जिद्द होती. समोर उभ्या टायसनकडे चार वर्षांपूर्वीचा बचाव नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच रात्री आल्या. आठ महिन्यांनी होलीफिल्डनं डग्लसला तिसऱ्या राउंडमध्ये पाडून पट्टा नेला. त्यावरून टोकियोचा निकाल नशिबाचा होता असं म्हणणं मात्र डग्लसवर अन्याय करणं आहे.

‘जेलनं खाल्लं’ म्हणताना

वादात पुढे भाचा एक वाक्य हमखास टाकतो. ते त्याचं एकट्याचं नाही, टायसनचे सगळेच चाहते म्हणतात : “ऐन उमेदीची वर्षं जेलनं खाल्ली, नाहीतर तो परत आला असता.”

या वाक्याला मी दर वेळी अडवतो. १९९१ च्या जुलैमध्ये इंडियानापोलिसमध्ये एका सौंदर्यस्पर्धेसाठी आलेल्या अठरा वर्षांच्या तरुणीनं टायसनवर बलात्काराचा आरोप केला. फेब्रुवारी १९९२ मध्ये ज्युरीनं त्याला दोषी ठरवलं. सहा वर्षांचा तुरुंगवास झाला, अपील फेटाळलं गेलं, आणि तीन वर्षांच्या आतबाहेर शिक्षा भोगून तो मार्च १९९५ मध्ये सुटला. टायसननं तो गुन्हा कायम नाकारला आहे, पण न्यायालयाचा निकाल तोच आहे. ‘जेलनं खाल्लं’ म्हटलं की त्या कथेत बिचारा टायसन होतो आणि ती मुलगी कुठेच राहत नाही. तिच्या वर्षांचा हिशेब कोणी करत नाही. घरातल्या मुलामुलींच्या समोर आपण हा विषय बोलतो, तेव्हा निदान वाक्याचा कर्ता तरी बरोबर ठेवावा.

आणि खेळाच्या हिशेबानंही ते वाक्य टिकत नाही. मुहम्मद अलीचं उदाहरण घ्या. व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्यानं नकार दिला, म्हणून १९६७ ते १९७० अशी साडेतीन वर्षं त्याला रिंगमध्ये उतरू दिलं नाही. वय पंचवीस ते अठ्ठावीस. टायसन आत होता तेव्हाचं वयही जवळपास तेच. अलीचे पाय परतल्यावर पूर्वीसारखे चालत नव्हते. १९७१ मध्ये तो जो फ्रेझरकडून हरला. पण त्यानं लढण्याची पद्धत बदलली. दोरांना टेकून मार सोसायचा, समोरच्याला दमवायचं, मग उलटायचं. १९७४ मध्ये किन्शासात जॉर्ज फोरमनला असंच पाडून त्यानं पट्टा परत मिळवला. टायसन सुटल्यावर १९९६ मध्ये दोन पट्टे त्यानंही परत मिळवले. पण ते ब्रुनो आणि ब्रुस सेल्डन यांच्याकडून. त्याच नोव्हेंबरमध्ये होलीफिल्ड समोर आला आणि अकराव्या राउंडमध्ये लढत थांबवावी लागली. होलीफिल्ड चौतीस वर्षांचा होता, टायसन तिशीचा. म्हणजे वय हेही कारण नव्हे.

पुढच्या वर्षीच्या जूनमध्ये त्यानं होलीफिल्डच्या कानाचा लचका तोडला, बाद ठरला, परवाना गेला आणि तीस लाख डॉलर दंड झाला. होलीफिल्ड डोक्यानं धडका देत होता, ही त्याची तक्रार होती. पण अडचणीत आल्यावर त्याच्याकडे दुसरा डाव नव्हता, हेच त्यातून दिसलं. नोंदी तपासल्या तर एक गोष्ट ठळक दिसते : ठोशानं खाली पडल्यावर उठून त्यानं एकही लढत जिंकलेली नाही. डग्लस, होलीफिल्ड, लुईस, सगळीकडे तेच. मोठ्या विजेत्यांच्या पंगतीत बसवताना हा मुद्दा टायसनच्या विरोधात जातो, आणि इथे माझं मत काकांच्या बाजूला पडतं.

कस असते तर?

चाहत्यांचं दुसरं आवडतं वाक्य : डॅमाटो आणखी पाच वर्षं जगले असते, तर हे काहीच झालं नसतं. आपल्या मराठी मनाला हे लगेच पटतं. गुरूचं छत्र हरपलं, शिष्य भरकटला. सुरेख गोष्ट आहे.

पण या गोष्टीत टेडी अ‍ॅटलसची हकिकत बसत नाही. अ‍ॅटलस हा कॅट्सकिलमधला तरुण प्रशिक्षक, टायसनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांतला. त्यानं सांगितल्याप्रमाणे, १९८२ मध्ये टायसननं त्याच्या बायकोच्या लहान बहिणीशी गैरवर्तन केलं, म्हणून तो पिस्तूल घेऊन टायसनवर धावून गेला. पुढे काय झालं? अ‍ॅटलसला कॅट्सकिल सोडावं लागलं. टायसन तिथेच राहिला. डॅमाटोंना विश्वविजेता घडवायचा होता, वय हातात नव्हतं, आणि शिस्त लावण्यापेक्षा पोरगा टिकवणं त्यांना महत्त्वाचं वाटलं.

यावरून डॅमाटो वाईट होते असं मला म्हणायचं नाही. घरदार नसलेल्या मुलाला त्यांनी घर दिलं, आणि टायसन अजूनही त्यांचं नाव काढताना गहिवरतो. पण पोराच्या हातांना आणि डोक्याला त्यांनी जेवढी शिस्त लावली, तेवढी वागण्याला लावली नाही. ‘हा विजेता होणार आहे’ म्हणून पोटात घातलेली चूक पुढे सगळ्यांनीच पोटात घातली, कारण तोवर प्रत्येकाचा पैसा त्याच्यावर लागलेला होता. आपल्याकडेही क्रिकेट अकादमीत किंवा कोचिंग क्लासमध्ये ‘मुलगा हुशार आहे, जाऊ दे’ हे वाक्य किती सहज म्हटलं जातं! ते ऐकलं की मला अ‍ॅटलस आठवतो.

शेवटच्या लढती

२००२ च्या जूनमध्ये मेम्फिसमध्ये लेनॉक्स लुईसनं टायसनला आठव्या राउंडमध्ये पाडलं. लुईस त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा. किशोरवयात दोघांनी कॅट्सकिलमध्ये एकत्र सरावही केला होता. एकाच वयाचे दोघं, एक पस्तिशीतही शिकलेलं टिकवून होता, दुसऱ्याचं केव्हाच गेलं होतं. २००३ मध्ये टायसननं दिवाळखोरी जाहीर केली. कारकिर्दीत तीस कोटी डॉलरच्या वर कमावलेला माणूस दोन कोटींच्या वर कर्जात होता. किंगनं आपले पैसे लाटले, असा त्याचा दावा होता. तो खटला पुढे तडजोडीनं मिटला.

जून २००५ मध्ये केव्हिन मॅकब्राइडसमोर सहाव्या राउंडनंतर तो स्टुलावरून उठलाच नाही. मग त्यानं जे सांगितलं ते मला त्याच्या सगळ्या नॉकआउटपेक्षा मोठं वाटतं. आपल्यात आता ती धमक उरलेली नाही, आणि अशा लढती हरून या खेळाचा अपमान करायची इच्छा नाही, अशा अर्थाचं तो बोलला. चूक कोणावर ढकलली नाही. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली.

म्हणून २०२४ ची लढत बघताना मला वाईट वाटलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, त्याच वर्षी अल्सरमुळे लढत पुढे ढकलावी लागलेली, समोर सत्तावीस वर्षांचा यूट्यूबवर नाव कमावलेला जेक पॉल. दोन-दोन मिनिटांचे आठ राउंड. मोजणीनुसार टायसननं सबंध लढतीत ९७ ठोसे टाकले, लागले १८. नेटफ्लिक्सच्या म्हणण्याप्रमाणे जगभरातल्या सहा कोटी घरांत ती लढत पाहिली गेली. दोन हजार पाचमध्ये ज्याला स्वतःला थांबावंसं वाटलं, त्याला आपण सगळ्यांनी मिळून परत उभं केलं, कारण आपल्याला एक्क्याण्णव सेकंदांची क्लिप पुन्हा एकदा जिवंत बघायची होती. त्याला पैसे मिळाले, त्याची खुशी होती, हे मान्य. अलीनंही शेवटी हेच केलं होतं. १९८० मध्ये होम्ससमोर आणि १९८१ मध्ये बर्बिकसमोर तो उभा राहिला, दोन्ही हरला, आणि तीन वर्षांनी त्याला पार्किन्सन असल्याचं निदान झालं. त्याच होम्सला आणि बर्बिकला पुढे तरुण टायसननं पाडलं. या खेळात साखळी अशीच चालते, आणि प्रेक्षक दर वेळी तिकीट काढतात.

मग हिशेब काय?

टायसन महान होता का? मी तीन वेगळे रकाने करतो. १९८६ ते १९८८ या अडीच वर्षांतलं कौशल्य पाहिलं, तर हेवीवेटमध्ये त्याच्या जवळ फार थोडे जातात. इथे भाचा बरोबर. पूर्ण कारकीर्द पाहिली, तर अली, जो लुई, होम्स, लुईस यांच्या बरोबरीला तो बसत नाही. त्यानं हरवलेला होम्स अडतीस वर्षांचा होता, स्पिंक्स मूळचा खालच्या वजनगटातला, आणि स्वतःच्या पिढीतले दोन मोठे, होलीफिल्ड आणि लुईस, यांच्याकडून तो हरला. इथे काका बरोबर. तिसरा रकाना माणसाचा. तिथे तो गुन्हा आहे आणि तो राहणार. पहिल्या रकान्यातले कितीही नॉकआउट तिसऱ्यात वळते करता येत नाहीत.

गेल्या गणपतीत मी भाच्याला क्लिप सोडून टोकियोची पूर्ण लढत बघायला लावली. दहाही राउंड. आधी कुरकुरला, मग गप्प बसून बघत राहिला. सातव्या-आठव्या राउंडच्या सुमाराला म्हणाला, “मामा, याचं डोकं हलतच नाहीये.” मग थोड्या वेळानं, “आणि याच्या कोपऱ्यातले लोक काही सांगत का नाहीत?”

काकांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सांगणाऱ्याला त्यानं आधीच घरी पाठवलं होतं.”

टायसनवर दोघांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या लग्नात पुन्हा भांडतीलच.